आझाद मैदानावर बघ्या म्हणून जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीची. फोर्टातल्या एका कचेरीत 26 वर्षं नोकरी केली आणि रोज सीएसएमटीला उतरून आझाद मैदानाच्या कडेने चालत गेले. कितीतरी वर्षं मंडपांकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, लेटमार्कची भीती. 2018 च्या मार्चमध्ये एका सोमवारी सकाळी मैदान लाल टोप्यांनी भरलेलं दिसलं आणि मी पहिल्यांदा आत गेले. मग जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिकडे डोकावायची सवयच लागली. आता भाचरं, सोसायटीतली कॉलेजची मुलं, गावाकडचे पाहुणे विचारत असतात, "आम्हीपण जाऊन बघू का?" आणि मग पुढे ठरलेले प्रश्न. ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवतेय.

आमचा आंदोलनाशी काही संबंध नाही. नुसतं बघायला गेलेलं चालतं का?

चालतं. मंडपाला दार नसतं. बसलेल्या माणसांना उलट कोणीतरी यावं असंच वाटत असतं. गडचिरोलीहून नाहीतर नंदुरबारहून येऊन तीन दिवस बसलेल्या माणसाकडे मंत्री सोडाच, पत्रकारही फिरकलेला नसतो, असं कितीदा बघितलंय.

फक्त अपघाताभोवती जमतो तसला बघ्या होऊ नका. मान उंच करून, फोन वर धरून, दोन मिनिटांत पसार. जायचं तर अर्धा तास हाताशी ठेवून जा, आणि सतरंजीच्या कडेला का होईना, खाली बसा. उभ्या माणसाशी कोणी मनातलं बोलत नाही. उभा माणूस एकतर पोलीस असतो, नाहीतर चॅनेलवाला.

मैदान केवढं मोठं आहे! आंदोलन नेमकं कुठे असतं?

सीएसएमटीच्या बाजूचा कोपरा. भुयारी मार्गातून महापालिका मुख्यालयाकडे वर या आणि महापालिका मार्गाने थोडं पुढे चाला. समोरच्या हाताला कामा हॉस्पिटल, या हाताला आझाद मैदान पोलीस ठाणं आणि मुंबई मराठी पत्रकार संघ. भोंग्याचा आवाज येतो तिकडे जायचं. आता भुयारी मेट्रोचं स्टेशनही सीएसएमटीला झालंय, त्यामुळे पश्चिम उपनगरातून येणाऱ्यांनाही सोपं झालं.

बाकीचं मैदान क्रिकेटचं. शाळकरी सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची 664 धावांची भागीदारी 1988 साली इथलीच. पलीकडच्या टोकाला बॉम्बे जिमखाना. एका बाजूला "आऊट, आऊट" आणि दुसऱ्या बाजूला "आमच्या मागण्या मान्य करा, नाहीतर खुर्च्या खाली करा", दोन्ही एकाच वेळी ऐकू येतं. पहिल्यांदा विचित्र वाटतं, नंतर कान सरावतात.

मंत्रालय तर तिकडे नरिमन पॉइंटला. मग आंदोलन इथे का?

पूर्वी मोर्चे काळा घोड्यापर्यंत जात आणि तिथे अडवले जात. चर्चगेट-नरिमन पॉइंटच्या रहिवाशांनी रोजच्या गोंगाटाविरुद्ध कोर्टाचं दार ठोठावलं, आणि 1997 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या आदेशानंतर दक्षिण मुंबईतली आंदोलनं या मैदानापुरती ठेवली गेली. आता मोर्चा भायखळ्याहून निघो की नाशिकहून, तो इथेच येऊन थांबतो. पुढे जातं ते फक्त शिष्टमंडळ, पाच-सात माणसांचं, बहुतेक वेळा पोलिसांच्याच गाडीतून.

ही व्यवस्था मला पटते का? अर्धी. रस्ता मोकळा राहतो हे खरं. पण ज्याच्याकडे मागणं आहे त्याच्या कानापर्यंत आवाज जायचा नाही एवढ्या अंतरावर बसायचं, असाही तिचा अर्थ होतो.

जागेला जुनी सवय आहे म्हणा. किल्ल्याबाहेरचं हे मोकळं माळरान. 15 ऑक्टोबर 1857 रोजी बंडाच्या आरोपावरून सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना इंग्रजांनी इथेच तोफेच्या तोंडी दिलं. तेव्हाही बघे जमवले होते, दहशत बसावी म्हणून.

कधी गेलेलं बरं?

दुपारी 12 ते 3. सकाळी लोक गाड्यांतून उतरत असतात, बॅनर बांधणं चाललेलं असतं. दुपारी भाषणं जरा ओसरतात, माणसं डबे सोडतात, पाय पसरतात, आणि बोलायला मोकळी असतात. चारच्या पुढे "शिष्टमंडळाला बोलावलं" किंवा "नाही बोलावलं" याची हवा तयार होते. मग कोणाचं लक्ष तुमच्याकडे नसतं. संध्याकाळी 6 ला माईक बंद.

शासनाने 2025 मध्ये सभा, आंदोलनं आणि मिरवणुकांसाठी नवे नियम केले. त्यानुसार इथल्या आंदोलनाची वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6, परवानगी एका वेळी एका दिवसाची, आणि जागेची मर्यादा 5,000 माणसांची. परवानगी रोज वाढवून घ्यायची. कागदावर असं असलं तरी आंदोलनं आठवडेच्या आठवडे चालतात.

मग रात्री ती माणसं कुठे जातात?

पोलीस मैदान रिकामं करायला लावतात तेव्हा बरीचशी सीएसएमटीच्या आवारात, फलाटाच्या कडेला, पिशवी उशाला घेऊन झोपतात. शेवटच्या कसाऱ्याला धावताना तुम्ही त्यांना ओलांडून गेला असाल. कोणी ओळखीच्या आमदाराच्या खोलीत जातं, कोणी वाशी-कळव्याच्या नातेवाइकांकडे. रात्री बघायला मात्र जाऊ नका. ते त्यांचं घर असतं त्या वेळी.

आत गेल्यावर काय दिसतं?

पहिल्यांदा काहीच दिसत नाही. गर्दी, ताडपत्री, भोंगा. सवय झाली की एकेक गोष्ट सुटी होते.

एका वेळी एकच आंदोलन असतं असं समजू नका. अधिवेशनाच्या दिवसांत पाच-सहा मंडप शेजारीशेजारी असतात. एकीकडे शिक्षक, दुसरीकडे गिरणी कामगारांचे वारस, पलीकडे कोणत्यातरी महामंडळाचे कंत्राटी कर्मचारी, आणि कोपऱ्यात एकटाच एक म्हातारा, फायलींची पिशवी मांडीवर घेऊन, हाताने लिहिलेला बोर्ड गळ्यात अडकवून. त्याची जमीन कोणीतरी लाटलेली असते. त्याच्यासमोर माईक नसतो. माझा सल्ला: त्याच्यापासून सुरुवात करा.

मग शब्द कळायला लागतात. धरणं म्हणजे दिवसभर बसून उठायचं. ठिय्या म्हणजे उठणार नाही म्हणून बसायचं. साखळी उपोषण म्हणजे आज दहा जण उपाशी, उद्या दुसरे दहा. आमरण उपोषण म्हणजे तेच एक माणूस, आणि त्याच्या उशाशी रक्तदाब मोजणारा डॉक्टर. बिऱ्हाड आंदोलन म्हणजे चूल, भांडी, पोरंबाळं घेऊन मुक्काम. कुणी "ठिय्या" म्हणाला आणि तुम्ही "धरणं" लिहिलंत तर तो दुरुस्त करेल, आणि त्याचं बरोबर असेल.

कपड्यांवरूनही कळतं. एकसारख्या गुलाबी साड्या बहुधा आशांच्या. "एकच मिशन, जुनी पेन्शन" छापलेल्या पांढऱ्या टोप्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या. लाल टोपी, लाल झेंडा किसान सभेचा. व्यासपीठावर कोणाचे फोटो आहेत तेही बघा: शिवाजी महाराज, फुले, शाहू, आंबेडकर, भगतसिंग, अण्णा भाऊ. कोणता फोटो मध्यभागी आहे त्यावरून निम्मं राजकारण न विचारता समजतं.

आणि मागणीपत्र. एखाद-दोन पानी, झेरॉक्स मारलेलं, खाली शिक्का. ते मागून घ्या, लगेच देतात. भाषणापेक्षा ते वाचा. भाषणात आवेश असतो, कागदावर आकडा असतो.

बोलायला सुरुवात कशी करायची? काय विचारायचं?

"तुमची मागणी काय?" असं सुरुवातीलाच विचारू नका. ती माईकवर शंभरदा सांगून झालेली असते, त्यामुळे उत्तरही पाठ केलेलं मिळतं. "कुठून आलात?" हा चांगला प्रश्न. गावाचं नाव आलं की पुढे रस्ता, पाऊस, पीक, घरी कोण आहे, गुरं कोण बघतंय, सगळं ओघाने येतं.

हाक नीट मारा. वयाने मोठ्या बाईला मावशी किंवा काकू, बरोबरीच्या बाईला ताई, पुरुषांना दादा, मामा, बाबा. शिक्षकांना सर आणि मॅडमच म्हणा. पगार नसेल, पण सर आहेत ते. "तुम्ही लोक" हा शब्द तोंडातून येऊ देऊ नका. कॉलेजची पोरं तो सहज वापरतात आणि समोरचा माणूस लगेच मिटतो.

अंगणवाडी सेविकांचा संप 4 डिसेंबर 2023 ला सुरू झाला आणि जानेवारीच्या शेवटापर्यंत, 50 हून जास्त दिवस चालला. त्या वेळी एकीशी झालेलं बोलणं अजून लक्षात आहे.

"कुठून आलात ताई?"

"औशाजवळून. तुम्ही कुठल्या संघटनेच्या?"

"कुठल्याच नाही. इथे माझं ऑफिस आहे, जेवणाच्या सुट्टीत आले."

"मग बसा की. उभ्यानं काय बोलायचं."

बसले. मी विचारलं, पगार किती मिळतो? त्या हसल्या. "पगार म्हणू नका, मानधन म्हणा. पगार म्हटलं की सरकारला घाम फुटतो."

मला तोपर्यंत हा फरक ठाऊक नव्हता. पगार म्हटला की नोकरी आली, नोकरी आली की ग्रॅच्युइटी, पेन्शन, महागाई भत्ता आला. मानधन म्हणजे स्वयंसेविकेचे आभार मानल्यासारखे पैसे. त्या वेळी सेविकेला महिना 10,000 रुपये मिळत होते. आणि अंगणवाडी सेविका-मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असं सुप्रीम कोर्टाने 25 एप्रिल 2022 रोजी, म्हणजे संपाच्या दीड वर्ष आधीच सांगून झालं होतं. त्या निकालाची झेरॉक्स ताईंच्या पिशवीत होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून, रेशनकार्डाशेजारी.

सुट्टी संपली तेव्हा त्यांनी माझा डबा बघितला, मी त्यांचा. शेंगदाण्याची चटणी दिली पुडीत बांधून.

फोटो, व्हिडिओ, रील?

मंडपाचा, व्यासपीठाचा, बॅनरचा फोटो खुशाल काढा. बॅनर त्यासाठीच असतो. एका माणसाचा चेहरा घ्यायचा तर विचारा. झोपलेली बाई, पाजणारी आई, टँकरच्या नळाखाली आंघोळ करणारे बाप्ये यांचे फोटो नकोत, कितीही "खरे" वाटले तरी.

याला एक व्यावहारिक कारणही आहे. बसलेल्यांपैकी बरेच जण नोकरीतले असतात. 2021-22 च्या एसटीच्या संपात हजारो जणांवर निलंबनाची आणि बडतर्फीची कारवाई झाली होती. तुमच्या रीलमधला चेहरा कोणत्या आगारातल्या कोणत्या साहेबाला दिसेल याचा तुम्हाला पत्ता नसतो. नाव-गाव-आगार असं सगळं मिळून टाकणं तर टाळाच.

तिथे सेल्फी काढावी का, असं एका भाच्याने विचारलं. काढ म्हटलं, पण आधी त्यांच्यापैकी कोणालातरी शेजारी बोलाव आणि त्याला आवडलं तर काढ. तो म्हणाला, मग नकोच.

रिकाम्या हाताने जावं का? काही नेऊ का?

रिकाम्या हाताने गेलात तरी कोणी काही म्हणत नाही. न्यायचंच असेल तर आधी एक फेरी मारून विचारा, काय कमी पडतंय. बाहेरच्या माणसाला बिस्किटांशिवाय काही सुचत नाही, आणि तिथे बिस्किटांची खोकी पडलेली असतात. खरी निकड असते ती पाण्याची, उन्हाळ्यात ओआरएसच्या पुड्यांची, बायकांच्या मंडपात सॅनिटरी पॅडची आणि फोन चार्ज करायच्या सोयीची. मी पॉवर बँक देऊन बसायचे. तासाभरात ती सहा हातांतून फिरून परत यायची, एकदाही हरवली नाही.

2018 चा लाँग मार्च आठवा. 6 मार्चला नाशिकहून निघालेले शेतकरी, बहुतेक सुरगाणा-पेठ-दिंडोरीकडचे आदिवासी, सुमारे 180 किलोमीटर चालत आले. 11 तारखेला ते सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांचा खोळंबा नको म्हणून रात्रीच उठून पुन्हा चालायला लागले आणि 12 च्या पहाटे आझाद मैदानावर आले. मुंबईकरांनी पाणी दिलं, पोहे दिले, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या चपला. पाय फुटलेले फोटो बघून माणसं घरातल्या चपला घेऊन आली. मीसुद्धा मंगळवारी एक जोड पिशवीत घातला होता. पण सोमवारीच तोडगा निघाला आणि रेल्वेने भुसावळपर्यंत खास गाड्या सोडल्या, माणसं गेली. ती चप्पल नंतर बरेच दिवस ऑफिसच्या कपाटात होती.

ते जेवायला बसा म्हणाले तर?

बसा. "नको नको" एकदा म्हणायचं, दुसऱ्यांदा म्हणायचं नाही. आग्रह खरा असतो. दोन घास घ्या, ताट मोकळं करा, पत्रावळ स्वतः उचला. फुकट जेवायला म्हणून मात्र जाऊ नका. 2025 च्या ऑगस्टअखेरीच्या मराठा आंदोलनात भाकऱ्यांच्या राशी बघून काही शहाणे तेवढ्यासाठी गेले होते.

पैसे मागतात का?

संघटना कधीकधी डबा फिरवतात. द्यायचे तर पावती घ्या, नसेल तर दहा-वीस रुपयांवर थांबा. मैदानाबाहेर, "आतल्या आंदोलनासाठी" म्हणून कोणी मागत असेल तर देऊ नका.

उपोषणाला बसलेल्या माणसाला भेटता येतं?

लांबून नमस्कार करा, तेवढं पुरे. चौथ्या-पाचव्या दिवशी बोलायला त्राण नसतं आणि प्रत्येक भेटणाऱ्याशी बोलणं भाग पडतं. बोलायचंच असेल तर शेजारी बसलेल्या कार्यकर्त्याशी. उपोषण करणाऱ्यासमोर वडापाव खाऊ नका, हे सांगायची गरज पडू नये, पडते.

घोषणा द्यायला लागतात का? टोपी घातली तर?

कोणी सक्ती करत नाही. सगळे हात वर करतात तेव्हा तुम्ही मांडीवर हात ठेवून बसलात तरी चालतं. टोपी किंवा गमछा कोणी प्रेमाने घातला तर घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण फोटोत मग तुम्ही बघे दिसत नाही. सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लक्षात असू द्या. माझ्या ओळखीच्या एका कारकुनाला वर्तमानपत्रातल्या फोटोमुळे खुलासा द्यावा लागला होता. तो खरंच डबा खायला आला होता.

पोलीस अडवतील का? काही कायद्याची भानगड?

साधारणपणे बॅग तपासतात, "कुठे चाललात?" विचारतात. "बघायला चाललोय साहेब" असं सरळ सांगा. ओळखपत्र जवळ ठेवा. बंदोबस्तावरचे शिपाईही तुमच्याआमच्यासारखेच कंटाळलेले असतात. त्यांनाही विचारलं तर आंदोलन काय आहे ते नेमकं सांगतात, कधीकधी वक्त्यापेक्षा नीट.

शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्येच आहे, त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. जमावबंदीचा आदेश पूर्वी 144 कलमाखाली निघायचा, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो. तुमच्यासाठी कामाची गोष्ट एकच. पोलिसांनी माईकवरून पांगायला सांगितलं की उठायचं आणि निघायचं. त्यानंतरही तिथे थांबलेला माणूस बघ्या की आंदोलक, याचा निवाडा तिथल्या तिथे होत नाही. "मी नुसता बघत होतो" हे वाक्य पोलिसांनी फार वेळा ऐकलेलं असतं.

लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ का?

दोनचार मंडपांचा साधा दिवस असेल तर जरूर न्या. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात निवेदन, शिष्टमंडळ, आश्वासन हे शब्द असतात. इथे ते चालताबोलताना दिसतात. माझी पुतणी आठवीत होती, तिने एका सरांना विचारलं, "तुम्ही शिकवता तर तुम्हाला पगार का नाही?" सरांनी तिला टप्पा अनुदान म्हणजे काय ते खडूफळ्याशिवाय वीस मिनिटं समजावलं. सरकार शाळेला पगाराचं अनुदान एकदम देत नाही, टप्प्याटप्प्याने देतं: 20 टक्के, 40 टक्के, 60 टक्के. तिला कळलं. मला तिने घरी येताना पुन्हा सांगितलं तेव्हा कुठे कळलं.

मोठी गर्दी असेल तेव्हा मात्र नको, आणि हे मी घाबरट म्हणून सांगत नाही. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपूरला विधानभवनाकडे निघालेल्या गोवारींच्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली, त्यात बहुतेक बाया आणि मुलं. आझाद मैदानावरही 11 ऑगस्ट 2012 ला एका निषेध सभेत हिंसाचार होऊन दोघांचा जीव गेला. गर्दी तापायला लागली की कळतं. भाषणाचा सूर बदलतो, कडेची माणसं उभी राहतात, मुलांना मागे घेतलं जातं. अशा वेळी व्हिडिओ काढायला पुढे जाऊ नका, ज्या वाटेने आलात त्या वाटेने परत जा. म्हणून बसतानाच बाहेर पडायची वाट बघून ठेवायची.

बाथरूमची सोय?

बायकांचा पहिला प्रश्न खरा हाच असतो, आणि भाषणात तो कधीच येत नाही. मैदानाजवळची सार्वजनिक शौचालयं गर्दीत पुरत नाहीत. तुम्ही सीएसएमटीवरून जाऊन या. सेविका, आशा, शिक्षिका दिवसभर पाणी कमी पितात, यासाठीच. पाण्याची बाटली पुढे केल्यावर एखादी "नको" म्हणाली तर तिला तहान नाही असं समजू नका.

"ही सगळी पैसे देऊन आणलेली माणसं" असं म्हणतात. खरंय का?

पक्षांच्या सभांना गाड्या भरून माणसं आणतात हे सगळ्यांना माहीत आहे. आझाद मैदानावर मला उलटंच जास्त दिसलं. माणसं वर्गणी काढून येतात, रजा बिनपगारी टाकून येतात. शंका असेल तर तपासायला सोपं आहे. शेजारी बसा आणि मागणीबद्दल एक बारीक प्रश्न विचारा, टक्केवारीचा, तारखेचा, कलमाचा. भाड्याने आलेला माणूस म्होरक्याकडे बोट दाखवतो. स्वतःचं काम असलेला माणूस तुम्हाला सोडत नाही. पुढची लोकल चुकते.

मला त्यांची मागणीच पटत नाही. तरी जाऊ?

मग तर जाच. वाद घालायला मात्र नको. तिथे पाचशे माणसं एका बाजूला आणि तुम्ही एकटे. ऐका आणि घरी येऊन दुसऱ्या बाजूचंही ऐका. 2025 च्या ऑगस्टअखेरीस मनोज जरांगे पाटील ओबीसीतून मराठा आरक्षणासाठी आझाद मैदानावर उपोषणाला होते, त्याच दिवसांत नागपूरच्या संविधान चौकात ओबीसी महासंघाचं साखळी उपोषण चालू होतं, त्याच्या नेमक्या विरुद्ध मागणीचं. दोन्हीकडे जाऊन आलेला माणूस मला अजून भेटला नाही. भेटला तर त्याच्याशी बोलायला आवडेल.

तसं मोठं आंदोलन असेल तर जावं का?

जरांगे पाटलांच्या त्या उपोषणाच्या वेळी परवानगी 5,000 जणांची होती आणि माणसं त्याच्या कितीतरी पट आली. सीएसएमटी, महापालिकेसमोरचा रस्ता, सगळं भरलं. पाऊस, चिखल. पहिल्या दिवशी आजूबाजूच्या खाण्याच्या टपऱ्या बंद, मग गावागावांतून भाकरी, ठेचा, चटण्यांच्या गाड्या यायला लागल्या. पोरं रस्त्यात कबड्डी खेळत होती. हायकोर्टाने रस्ते मोकळे करायला सांगितलं आणि 2 सप्टेंबरला, पाचव्या दिवशी, निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदी मान्य करणारा शासन निर्णय निघून उपोषण सुटलं.

मी तिसऱ्या दिवशी गेले होते. खरं सांगायचं तर त्या गर्दीत बघ्याला काही बघता येत नाही. ढकलले जाता, तुमच्यामुळे आणखी एकाची जागा अडते, आणि परतताना गाडी पकडायला तास जातो. त्यापेक्षा शंभर माणसांच्या मंडपात जा.

मुंबईबाहेर असं ठिकाण कुठे?

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला नागपूर. धरण्यांचे मंडप यशवंत स्टेडियमच्या परिसरात, मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटसारख्या ठरलेल्या जागी अडवतात. पणजीलाही आझाद मैदान आहे आणि तिथेही आंदोलनंच होतात, तेव्हा नकाशात शोधताना शहर बघून घ्या. दिल्लीला जंतर मंतर. तिथली आंदोलनंही पूर्ण बंद करता येणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये ठरवलं. मराठी मंडप तिथेही अधूनमधून दिसतो. एकदा कांद्याच्या माळा गळ्यात घातलेले नाशिकचे बाबा भेटले, मला बघून म्हणाले, "मराठी ना? मग आधी चहा कुठे चांगला मिळतो ते सांगा."

आंदोलन संपल्यावर पुढे काय झालं ते कसं कळणार?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. लेखी आश्वासन मिळालं, सरबत घेतलं, गुलाल उधळला, इथवर बातमी येते. पुढचं स्वतः शोधावं लागतं. शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार मिळतात; मागणीपत्र जपून ठेवलं असेल तर शेजारी ठेवून वाचा. निर्णय निघणं आणि त्याला निधी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टप्पावाढीचा निर्णय 14 ऑक्टोबर 2024 ला निघाला, आणि त्याच्या निधीसाठी शिक्षक जुलै 2025 मध्ये पुन्हा इथे पावसात बसले होते. लाँग मार्चवाल्यांना 2018 मध्ये लेखी मिळालं होतं. वनजमिनींसाठी ते 2019 मध्ये पुन्हा निघाले, 2023 मध्ये पुन्हा निघाले आणि वाशिंदपर्यंत आले.

आणि शक्य असेल तर कोणाचातरी फोन नंबर घेऊन ठेवा. औशाच्या ताईंचा माझ्याकडे आहे. 2024 मध्ये विधानसभेच्या निवडणुकीआधी मानधन वाढलं तेव्हा मी त्यांना फोन केला होता.

"वाढलं हो. ग्रॅच्युइटीचं मात्र नुसतं बोलतायत. परत यावंच लागेल. तुम्ही असाल ना जेवणाच्या सुट्टीत?"

मी तोवर निवृत्त झाले होते. ते सांगितलं, तर म्हणाल्या, "मग बरंच की. दिवसभर बसता येईल."